सगळे एकाच सर्व्हरवर का जातात आणि आपली मंडळी वाढवायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान आधी चार प्रश्नांचं होतं. आता रोज कुणीतरी नवीन येतंय आणि फिरून फिरून तेच विचारायलंय की सगळी दुनिया तिकडं मोठ्या सर्व्हरवर हाय मग आम्ही तुमच्या छोट्या सर्व्हरवर काय करायचं, म्हणून म्हणलं एकदा बैजवार लिहून काढावं. मी लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो, शटर खाली ओढलं की रात्री हा मास्टोडॉनचा सर्व्हर बघतो. मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच लिहायचं-वाचायचं ठिकाण, पण ते कुणा एकाच्या मशीनवर नाही, अनेकांच्या मशीनवर चालतं, त्या प्रत्येक मशीनला सर्व्हर म्हणायचं. सर्व्हरवर दोनशेच्या आत माणसं आहेत, बहुतेक लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची, थोडी पुण्या-मुंबईला गेलेली. मराठी आहे, दखनीत लिहिणारे पण आहेत. खाली जे लिहिलंय ते पाच-सहा वर्षं हे सगळं जवळून बघून लिहिलंय.

विकेंद्रित म्हणजे नेमकं काय? मला तर ट्विटरसारखंच दिसतंय.

दिसायला तसंच आहे, आतली बांधणी वेगळी आहे. आपल्याकडचा अखंड हरिनाम सप्ताह डोळ्यापुढं आणा. प्रत्येक गावाची सप्ताह कमिटी वेगळी, पट्टी ज्याची तो गोळा करणार, मंडप कुठं टाकायचा, कोणत्या दिवशी कुणाची पंगत, हे त्या त्या गावानं ठरवायचं. पण पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला ही पद्धत सगळीकडं एकच. म्हणून आपल्या गावचा मृदंगवाला शेजारच्या तालुक्यात गेला तरी पहिल्या अभंगापासून त्याचा हात चालतो, त्याला कुणी विचारत नाही की तू कोणत्या कमिटीचा. आणि या सगळ्याचं मुख्य ऑफिस कुठंच नाही.

तसं इथं सर्व्हर म्हणजे गाव आणि सामायिक पद्धत म्हणजे ॲक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल, जो डब्ल्यू-थ्री-सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत केला. मास्टोडॉन त्याच्याही आधीचं, जर्मनीतल्या युगेन रोच्को या पोरानं २०१६ ला काढलेलं. माझं खातं या सर्व्हरवर, तुमचं दुसऱ्या, तरी तुम्ही मला फॉलो करू शकता, रिप्लाय देऊ शकता. जीमेलवरून याहूला मेल जातो तसं.

मग एवढे हजारो सर्व्हर असताना गर्दी दोन-चार ठिकाणीच का?

याचं उत्तर मला दुकानात बसून कळलं. बारावीनंतरचे पोरं कॉलेजचा ऑप्शन फॉर्म भरायला येतात, समोर ढीगभर कॉलेजं असतात, आणि पहिला प्रश्न काय विचारतात, "दादा, सगळे कोणतं टाकायलेत?" त्यात त्यांची काही चूक नाही. ज्या गोष्टीची माहिती नाही तिथं माणूस गर्दी बघून पाय टाकतो, कारण गर्दी आहे म्हणजे निदान फसवणूक नसावी असं वाटतं. सर्व्हर निवडा म्हणलं की नवीन माणूस तिथंच थबकतो, कित्येक जण तेवढ्यावरूनच परत जातात.

हे मास्टोडॉनवाल्यांना पण दिसलं, म्हणून मे २०२३ मध्ये त्यांनी आपल्या अधिकृत ॲपमधी नवीन माणसाला सरळ मास्टोडॉन डॉट सोशल या त्यांच्याच सर्व्हरवर खातं काढायचं मोठं बटन पुढं ठेवलं, "दुसरा सर्व्हर निवडा" हे त्याच्या खाली. तेव्हा त्यावर लई वाद झाला. मला दोन्ही बाजू पटतात खरं म्हणजे, दार सोपं केलं नसतं तर माणसं आलीच नसती, पण बटन जिकडं नेईल तिकडंच माणूस राहतो, नंतर बदलीन म्हणणारे शंभरात दोन-चार बदलत असतील.

शिवाय मोठ्या सर्व्हरला मोठं होण्याचाच फायदा मिळत जातो. तिथल्या माणसांनी जगभरातल्या हजारो खात्यांना फॉलो केलेलं असतं म्हणून तिथं शोधलं की सापडतं, टाइमलाइन भरलेली दिसते, बातमीत नाव त्याचंच येतं, मग अजून माणसं तिथंच. २०२३ मध्ये ट्विटर सोडून मास्टोडॉनवर आलेल्या लोकांवर एक संशोधन झालं, त्यात दिसलं की ९६ टक्के माणसं सगळ्यात मोठ्या २५ टक्के सर्व्हरवरच गोळा झाली होती. म्हणजे तंत्र विकेंद्रित, माणसं केंद्रित. पण त्याच संशोधनात दुसरी गोष्ट पण होती जी फार कमी लोक सांगतात, की छोट्या सर्व्हरवरची माणसं जास्त सक्रिय होती. हे लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

झाली गर्दी तर झाली, बिघडलं काय?

यावर मी थोडं लांबण लावणार आहे कारण मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

२०१६ चा उन्हाळा लातूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. सगळं शहर धनेगावच्या मांजरा धरणावर, ते आटलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत ज्या गल्लीत एखादी जुनी आड-विहीर बुजवायची राहून गेली होती तिथल्या बायकांना निदान वापरायचं पाणी तरी घरापाशी मिळत होतं, बाकी आम्ही टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायलो. धरण वाईट नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याच भरवशावर राहणं आणि बाकीचे आड बुजवून टाकणं हे वाईट होतं.

सोशल मीडियात पण हे आपल्या डोळ्यादेखत झालंय. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्यावरच्या मराठी कम्युनिट्यांमधल्या कविता, भांडणं, पाककृती सगळं गेलं. टिकटॉक २९ जून २०२० ला एका आदेशात बंद झालं. तो निर्णय योग्य का अयोग्य हा वेगळा विषय, पण आमच्याकडच्या वाड्या-तांड्यावरच्या पोरा-पोरींनी दोन-दोन वर्षं खपून जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले आणि त्यांना दुसरीकडं घेऊन जायचा कोणताच रस्ता नव्हता. माझ्या दुकानात एक लावणी करणारा पोरगा आला होता, मोबाइल पुढं धरून म्हणला, "दादा, यातलं काहीच काढता येत नाही का?" नव्हतं येत. कू हे तर आपलंच भारतीय ॲप, मराठीत लिहायची सोय असलेलं, ते पण जुलै २०२४ ला बंद पडलं.

आता म्हणाल मास्टोडॉन तर तसं नाही. अर्धं खरं. एक सर्व्हर बुडाला तर बाकीचे चालत राहतात हे बरोबर, पण अर्धी माणसं त्याच एका सर्व्हरवर असली तर बाकीचे चालून उपयोग किती?

बुडण्यापर्यंत जायची पण गरज नाही. रोजच्या दोन अडचणी सांगतो. पहिली भाषेची. आमच्यातल्या एका ताईचं आधी एका मोठ्या सर्व्हरवर खातं होतं, त्यांनी भाच्याला लिहिलं, "मुडद्या जेवलास का नाही अजून". कुणीतरी रिपोर्ट केला, मॉडरेटरनं, म्हणजे रिपोर्ट तपासणाऱ्या माणसानं, मशीनचं भाषांतर वाचलं असणार, आणि मेलेल्या माणसाबद्दल काहीतरी धमकी आहे असं समजून खातं आठ दिवस थांबवलं. त्या मॉडरेटरवर माझा राग नाही, हजारो रिपोर्ट समोर असतील आणि आपली भाषा येत नाही तर तो बिचारा काय करणार. पण उलटी बाजू जास्त वाईट आहे, कारण कुणी मराठीत जातीवरून खरोखर घाण लिहिलं तर तेच मशीन त्याला साधं वाक्य समजून सोडून देतं. कोणती शिवी मायेची आणि कोणती जिव्हारी लागणारी, हे आपल्यातल्या माणसालाच कळतं.

दुसरी अडचण लोकल टाइमलाइनची. प्रत्येक सर्व्हरवर "लोकल" म्हणून एक रांग असते, त्यात त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या जाहीर पोस्टी दिसतात. मोठ्या सर्व्हरवर ती रांग पुराच्या पाण्यासारखी पळते, त्यात मराठी पोस्ट आली कधी गेली कधी कळत नाही. आपल्याकडं सकाळी चहा घेता घेता लोकल उघडली तर रात्रीपासूनचं सगळं वाचून होतं.

किती गर्दी म्हणजे जास्त? मोजायचं माप आहे का?

आहे. बाजारात मक्तेदारी किती हे मोजायला अर्थशास्त्रवाले जे माप वापरतात ते इथं पण चालतं. प्रत्येक सर्व्हरकडं शंभरातली किती टक्के माणसं आहेत तो आकडा घ्या, त्याचा वर्ग करा आणि सगळ्यांची बेरीज. समजा चार सर्व्हर, प्रत्येकी २५ टक्के, तर ६२५ चोक २५००. आता तेच चार सर्व्हर पण एकाकडं ७० आणि बाकी तिघांकडं दहा-दहा, तर ४९०० अधिक ३००, म्हणजे ५२००. सर्व्हर दोन्हीकडं चारच, तरी दुसरीकडचा आकडा दुपटीच्या वर. सगळी माणसं एकाच ठिकाणी असतील तर १०,०००.

म्हणून "आमच्या नेटवर्कवर इतके हजार सर्व्हर आहेत" असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर खूश होऊ नका. मी स्वतः त्याहून साधा प्रश्न विचारतो: सगळ्यात मोठा सर्व्हर उद्या सकाळी उघडला नाही तर मी ज्यांच्याशी रोज बोलतो त्यातली किती माणसं गायब होतील? तुमच्या फॉलो यादीत बघा, प्रत्येकाच्या नावामागं सर्व्हरचं नाव असतंच, पाच मिनिटांचं काम आहे.

ब्लूस्की पण विकेंद्रितच म्हणतात की. मग तिकडं जाऊ का?

ब्लूस्की म्हणजे ट्विटरसारखंच दुसरं ॲप. जा की, माझं पण तिकडं खातं आहे. ते काम २०१९ मध्ये ट्विटरच्याच आत सुरू झालं, जॅक डॉर्सी तेव्हा ट्विटरचा प्रमुख होता, मग ती वेगळी कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आमंत्रणाशिवाय सगळ्यांना दार उघडलं. त्या ऑगस्टच्या शेवटी ब्राझीलमध्ये एक्सवर (म्हणजे नाव बदललेल्या ट्विटरवर) बंदी आली, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची निवडणूक झाली, तेव्हा तिकडं लोंढा गेला आणि नोव्हेंबरातच २ कोटी खाती ओलांडली.

त्यांची एक गोष्ट मला मास्टोडॉनपेक्षा चांगली वाटते. तुमची ओळख आणि तुमचा डेटा जिथं ठेवलाय ती जागा, हे दोन त्यांनी वेगळे केलेत, त्यामुळं जागा बदलली तरी ओळख, फॉलोअर आणि जुन्या पोस्टी सगळं सोबत नेता येतं. मास्टोडॉनमध्ये जुन्या पोस्टी मागंच राहतात. पण आज घडीला बहुतेक सगळी खाती त्या कंपनीच्याच मशिनींवर आहेत. बाहेर पडायचा दरवाजा आहे, चांगला रुंद आहे, पण त्यातून जाणारी माणसं मोजकी. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचा वय तपासायचा कायदा लागू झाला तर कंपनीनं त्या राज्यात सेवाच बंद केली. एका कंपनीचा एक निर्णय आणि अख्खं राज्य बाहेर, हेच मी वर म्हणत होतो.

आणि थ्रेड्स?

थ्रेड्स हे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचं ॲप, जुलै २०२३ मध्ये आलं आणि पाच दिवसांत १० कोटी खाती झाली कारण इन्स्टाग्राम आधीच सगळ्यांकडं होतं. मार्च २०२४ पासून काही देशांत, आणि मग हळूहळू बाकीकडं, तिथल्या माणसाला आपल्या पोस्टी ॲक्टिव्हिटीपबवर पाठवायची सोय मिळाली, पण ती त्यानं स्वतः चालू करावी लागती. काही सर्व्हरांनी थ्रेड्सला पूर्ण ब्लॉक केलंय. आपण केलेलं नाही, मतदान घेतलं होतं, ज्याला नको त्यानं स्वतःपुरतं ते डोमेन, म्हणजे थ्रेड्सचा पत्ता, ब्लॉक करावं असं ठरलं.

छोट्या सर्व्हरवर शुकशुकाट असतो. माणसं येणार कुठून आणि टिकणार कशी?

यायची माणसं लोंढ्यानं येतात हे मी दोनदा बघितलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचे वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि त्यावरून चिडून भारतातले पुष्कळ लोक मास्टोडॉनवर आले. मी पण त्याच लाटेत आलो. ज्या पन्नास-साठ जणांना तेव्हा फॉलो केलं त्यातले बहुतेक दोन-तीन महिन्यांत गप्प झाले. दुसरी लाट ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी इलॉन मस्कनं ट्विटर घेतलं तेव्हाची, महिन्याला सक्रिय असणारी माणसं साधारण ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली आणि मग पुढं बरीच खाली आली.

म्हणजे लोंढा येतो आणि ओसरतो, आणि त्यातून मागं किती राहतं हेच खरं. का राहतात, का जातात, यावर मी लई विचार केला, गेलेल्या ओळखीच्यांना फोन करून विचारलं. बहुतेकांचं एकच: "लिहिलं, पण कुणी बोललंच नाही." ट्विटर-इन्स्टावर मशीन तुमची पोस्ट कुणाकुणाच्या तोंडापुढं नेऊन ठेवतं. मास्टोडॉनवर तसं मशीन नाही, त्यामुळं नवीन माणसाची पहिली पोस्ट म्हणजे अनोळखी गावाच्या पारावर येऊन बसलेला पाहुणा. कुणी "या, कुठले तुम्ही" म्हणलं तर बसतो, नाही म्हणलं तर पुढच्या गाडीनं निघून जातो.

उदगीरकडच्या एक मावशी आहेत, त्यांच्या परवानगीनं सांगतो. आधी त्या मोठ्या सर्व्हरवर होत्या, तुरीचा फोटो टाकला, पिवळी पडून वाळायलेली झाडं, खाली "हे काय झालंय" एवढंच. तीन दिवस कुणी बोललं नाही, मग त्यांनी ॲपच उघडायचं सोडलं. त्यांच्या पोरानं मागच्या दिवाळीत त्यांचं खातं इकडं काढलं. तोच फोटो परत टाकला तर वीस मिनिटांत परभणीच्या एका भाऊंनी विचारलं, "खोड उभं चिरून बघा, आतून काळी रेघ आहे का?" मावशीनं विळ्यानं चिरून दुसरा फोटो टाकला, काळी रेघ होती, मग मर रोग म्हणून सगळे बोलायला लागले, एकानं सांगितलं पुढच्या वर्षी त्या रानात तूर नका घेऊ, दुसरा म्हणला घेतलीच तर बदनापूरची बीडीएन ७११ घ्या ती मरला दम धरते, तिसरा ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया सांगायला लागला. रात्री अकरापर्यंत चाललं. मावशी आता रोज येतात आणि नवीन कुणी दिसलं की पहिला रिप्लाय त्यांचा असतो.

माझ्या लेखी कम्युनिटी वाढली म्हणजे हे. खात्यांचा आकडा मी महिन्यातून एकदा बघतो, पण नवीन माणसाच्या पहिल्या पोस्टला २४ तासांत कुणी माणसानं रिप्लाय दिला का, हे रोज बघतो. नसेल दिला तर मी देतो.

म्हणजे बाहेरून माणसं बोलवायचीच नाहीत का?

बोलवायची की, पण घोळक्यानं बोलवा. एकटा माणूस नवीन जागी टिकत नाही. वाचनालयातले सात-आठ जण, एखादा भजनी मंडळाचा ग्रुप, शिक्षकांचा ग्रुप, असे एकदम आले तर पहिल्या दिवसापासून एकमेकांना रिप्लाय द्यायला ओळखीचं कुणीतरी असतं. नांदेडच्या शिक्षकांचा एक घोळका असाच आला, अकरा जण होते, वर्षानं नऊ टिकून आहेत. जाहिरात करून आलेल्यातलं मात्र फारसं कुणी राहिलं नाही. आणि व्हॉट्सॲप सोडून या असं सांगू नका, कुणी सोडत नाही आणि सोडायची गरजही नाही.

समोरच्या सर्व्हरवर एका पोस्टला ४० रिप्लाय दिसतात, मला आपल्याकडून ६ च. बिघाड आहे का?

बिघाड नाही, छोट्या सर्व्हरची खरी अडचण आहे आणि ती लपवायची नाही. आपल्या सर्व्हरकडं त्याच गोष्टी येतात ज्यांच्याशी आपल्यातल्या कुणाचा तरी संबंध आहे, म्हणजे फॉलो केलेलं किंवा आपल्याला टॅग केलेलं. बाकीचे रिप्लाय आपल्याकडं पोचतच नाहीत. शोधल्यावर कमी सापडतं त्याचं कारण पण हेच. मास्टोडॉनच्या नव्या व्हर्जनमध्ये राहिलेले रिप्लाय मागून ओढून आणायची सोय आलीय, त्यानं पुष्कळ फरक पडला. शिवाय आपण दोन रिलेला जोडलेले आहोत, रिले म्हणजे अनेक सर्व्हरच्या जाहीर पोस्टी एकत्र करून सगळ्यांना वाटणारी सोय. सगळे रिले का नाही लावत असं विचाराल तर डिस्क भरते हो. बाहेरच्या फोटोंची पण प्रत आपल्याकडं साठते, म्हणून आठ दिवसांपूर्वीच्या बाहेरच्या फोटोंची प्रत मी दर रविवारी पुसतो. तुमचे स्वतःचे फोटो कधीच पुसत नाही.

पूर्ण चर्चा बघायची असेल तर पोस्टच्या तीन टिंबांच्या मेनूतून मूळ पान उघडा आणि मूळ सर्व्हरवर जाऊन वाचा.

हॅशटॅगनं काही होतं का?

इथं हॅशटॅग म्हणजेच अर्धा शोध. नोव्हेंबर २०२२ च्या ४.० व्हर्जनपासून माणसासारखं हॅशटॅगला पण फॉलो करता येतं. पण आपल्या लोकांची गंमत नाही, त्रास आहे, की एक जण #सोयाबीन लिहितो, दुसरा #सोयाबिन, तिसरा रोमनमध्ये, आणि मशीनला हे तीन वेगळे वाटतात, त्यामुळं तिघं एकमेकांना कधी भेटतच नाहीत. म्हणून आपल्याकडं एक यादी ठरवलीय आणि ती सर्व्हरच्या माहितीच्या पानावर आहे: #मराठी, #मराठवाडा, #सोयाबीन, #तूर, #वाचतोय अशी. तीच वापरा. पोस्ट लिहिताना खाली भाषा "मराठी" निवडायला विसरू नका, भाषेवरून गाळणी लावणाऱ्यांना ती तशीच सापडते.

मग सगळ्या मराठवाड्याचा एकच दणदणीत सर्व्हर का नाही काढत? ताकद एकत्र येईल.

हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात आणि माझं उत्तर नाही असंच आहे. आठ जिल्ह्यांची माणसं माझ्या एका मशीनवर आणली तर मी ज्या गोष्टीवर वर एवढं बोललो तीच मी करायलो असं होईल. आणि माझी कुवत पण बघायला पाहिजे, भांडण लागलं की दोन्हीकडचं वाचून, फोन करून मिटवावं लागतं, दोनशे माणसांत ते जमतं, दोन हजारांत जमणार नाही. म्हणून ५०० खात्यांवर आपण नवीन नोंदणी थांबवणार हे आधीच जाहीर केलंय. त्यानंतर येणाऱ्यांना दुसरा सर्व्हर काढून द्यायला मी स्वतः येऊन बसेन, बीडला या म्हणा नाहीतर हिंगोलीला.

ताकद एकत्र यायला एका छपराखाली यावं लागत नाही, एकमेकांना फॉलो केलं तरी येते.

आमच्या कॉलेजचा किंवा गावाचा सर्व्हर काढायचाय. खर्च किती, कटकट किती?

पैसे हा छोटा भाग. आपल्या एवढ्या सर्व्हरला भाड्याचं मशीन, फोटोंची साठवण आणि डोमेन धरून महिन्याला दोन हजारांच्या आत भागतं, ते वीस-पंचवीस जण मिळून देतात आणि हिशोब दर तिमाहीला टाकलेला असतो.

डोमेन मात्र बघून घ्या. फुकटातलं किंवा नाव छान जमतंय म्हणून कुठल्यातरी लांबच्या देशाचं घेऊ नका. अफगाणिस्तानचं डॉट-एएफ डोमेन घेतलेला एक सर्व्हर होता, फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारनं ते नावच काढून घेतलं, आणि मास्टोडॉनमध्ये सर्व्हरचं नाव नंतर बदलता येत नाही.

वेळ जातो तो माणसांवर. रिपोर्ट बघणं, स्पॅमची खाती उडवणं, दुसरा एखादा सर्व्हर घाण पाठवायला लागला तर त्याला मर्यादित करायचं का पूर्ण तोडायचं हे ठरवणं. एकट्यानं करू नका, निदान तिघं पाहिजेत आणि त्यात एक तरी बाई असू द्या, कारण पोरींना येणारे मेसेज त्या आम्हा गड्यांना सांगत नाहीत.

कायद्याचं पण बघा. २०२१ च्या आयटी नियमांत "महत्त्वाचा सोशल मीडिया मध्यस्थ" म्हणून जी जास्तीची बंधनं आहेत ती भारतात ५० लाखांच्या वर वापरकर्ते असणाऱ्यांना, ती आपल्याला नाहीत. पण तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर लिहिणं, तक्रार आल्यावर २४ तासांत पोच देणं आणि ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ च्या आधी १५ दिवस होते) निकाली काढणं हे छोट्यांना पण आहे.

डायरेक्ट मेसेज गुप्त असतात का?

नाही. मास्टोडॉनवरचे खासगी मेसेज सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. मी वाचत नाही, पण ओटीपी, आधार, बँकेचं काहीही तिथं टाकू नका.

मला मोठ्या सर्व्हरवरून इकडं यायचंय. फॉलोअर जातील का?

फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत. आधी इकडं खातं काढा, सेटिंगमध्ये जुन्या खात्याचं नाव "उपनाम" म्हणून लिहा, मग जुन्या खात्यात जाऊन "खातं हलवा" करा, एक-दोन दिवसांत फॉलोअर आपोआप इकडं वळतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता ती यादी, ब्लॉक आणि म्यूटची यादी, या फाइली आधीच उतरवून घ्या आणि इकडं चढवा. एकदा हलवलं की परत ३० दिवस हलवता येत नाही, तेव्हा घाईनं करू नका. आणि हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच होतं, कारण "हा माणूस तिकडं गेला" हे सांगायचं काम जुन्या सर्व्हरचं असतं. तो न सांगता मेला तर फॉलोअर गेले. म्हणून यादीची फाइल आजच उतरवून ठेवा, इथं राहणार असाल तरी.

आणि तुम्हीच बंद केलं तर? किंवा तुम्हाला काही झालं तर?

विचारायलाच पाहिजे असा प्रश्न आहे आणि नवीन येणाऱ्यातले फार थोडे विचारतात. मास्टोडॉनवाल्यांच्या यादीत यायचं असेल तर सर्व्हर करार म्हणून काही अटी पाळाव्या लागतात: रोज बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हरमध्ये शिरू शकेल असा दुसरा निदान एक माणूस, द्वेष पसरवणाऱ्यांवर कारवाई, आणि बंद करायचं असेल तर निदान तीन महिने आधी सांगणं. एवढी मुदत असली की ज्याला जायचंय तो वरच्या पद्धतीनं फॉलोअर घेऊन जाऊ शकतो.

आपण त्या अटी पाळतो. माझ्याशिवाय दोघांकडं चाव्या आहेत, परभणीच्या एका सरांकडं आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीकडं. पासवर्ड कुठं लिहून ठेवलाय हे माझ्या बायकोला माहीत आहे. नुसता बॅकअप घेऊन भागत नाही, तो उघडतो का ते बघावं लागतं, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाची तो दुसऱ्या मशीनवर पूर्ण चढवून बघते. मागच्या खेपेला सगळ्या पोस्टी आल्या पण फोटो उघडेनात, मावशीच्या तुरीच्या फोटोच्या जागी नुसती राखाडी चौकट. फोटोंचा एक फोल्डर यादीतून सुटला होता. रात्री दीड वाजेपर्यंत दोघं बसलो, यादी दुरुस्त केली, बॅकअप नव्यानं घेतला, परत चढवला, चिरलेलं खोड आणि त्यातली काळी रेघ दिसली तेव्हा लॅपटॉप मिटला.